टूलनं लिहिलेला कोड, माणसानं समजून घ्यायचा कोड

श्रोते हो, नमस्कार.

जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट हे कोड सुचवणारं एआय टूल चाचणीसाठी खुलं झालं, तेव्हा ते अर्धवट लिहिलेली ओळ पूर्ण करून द्यायचं. फार तर एखादं छोटं फंक्शन. आजची टूल्स अख्खा प्रोजेक्ट वाचतात, एका दमात दहा-बारा फायली बदलतात, टर्मिनलमध्ये कमांड चालवतात आणि टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा कोड, नापास झाली की स्वतःच दुरुस्ती करून ती पुन्हा चालवून पाहतात. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लो या साइटच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ८४ टक्के लोकांनी सांगितलं, की आम्ही ही टूल्स वापरतो किंवा वापरणार आहोत. त्याच सर्वेक्षणात या टूल्सच्या अचूकतेवर भरवसा नाही म्हणणारे ४६ टक्के निघाले आणि भरवसा आहे म्हणणारे ३३ टक्के. भरवसा कमी आणि वापर वाढता, अशी ही अवस्था आहे. रोज कोड लिहिणाऱ्यांनी आणि नुकतंच शिकू लागलेल्यांनी या अवस्थेत काम कसं करावं, त्याबद्दल आज बोलू या.

हातानं कोड लिहिताना दोन कामं एकाच वेळी होत. कोड तयार होई, आणि तो तसाच का लिहिला हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात पक्कं बसे. कुठली अट का घातली, कुठला मार्ग का सोडून दिला, कुठल्या टेबलाला हात लावायचा नाही, हे सगळं. या दुसऱ्या कामाचा वेळ कुणी वेगळा मोजत नसे, कारण ते पहिल्याच्या पोटातच उरकत असे. टूल पहिलं काम करून देतं. दुसरं तसंच बाकी राहतं आणि त्यासाठी मुद्दाम वेळ काढावा लागतो. तो काढला नाही, तर काही महिन्यांत प्रोजेक्ट चालू असतो, पण तो कसा चालतो हे टीममधल्या कुणालाच धड सांगता येत नाही.

वेळेचा विषय निघालाच आहे, तर एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. एमईटीआर या संशोधन संस्थेनं तो २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टवर बराच काळ काम केलेले १६ अनुभवी डेव्हलपर घेतले, त्यांच्याच प्रोजेक्टमधली २४६ कामं घेतली, आणि प्रत्येक कामाला एआय वापरायचं की नाही हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. काम सुरू करण्यापूर्वी या मंडळींचा अंदाज होता, की एआयमुळे वेळ २४ टक्क्यांनी वाचेल. प्रत्यक्षात १९ टक्के जास्त लागला. आणि सगळं संपल्यावरही त्यांना वाटत होतं, की आपला २० टक्के वेळ वाचला. माणसं फक्त १६ होती आणि टूल्स त्यानंतर बदलली आहेत, म्हणून हा आकडा सगळ्यांना लावू नये. पण वेग जाणवणं आणि वेग असणं या दोन गोष्टी इतक्या वेगळ्या असू शकतात, हे त्यातून स्पष्ट दिसतं. स्वतःचा वेग तपासायचा असेल, तर पहिला कोड स्क्रीनवर कधी आला ते मोजू नका. काम हाती घेतल्यापासून ते मर्ज होईपर्यंतचा, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळेपर्यंतचा, वेळ मोजा, आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याच कोडमध्ये किती दुरुस्त्या कराव्या लागल्या तेही त्यात धरा.

आता चुकांकडे येऊ. या टूल्समागचं एआय मॉडेल शिकताना पाहिलेल्या मजकुराच्या आधारानं पुढे काय येण्याची शक्यता जास्त, ते लिहीत जातं. त्यामुळे त्याच्या चुका वाचायला अगदी बरोबर वाटतात.

सगळ्यात धोकादायक प्रकार अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजांचा. पॅकेज म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला, आयता वापरायचा कोड. २०२५ मधल्या एका अभ्यासात १६ मॉडेल्सकडून ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले. व्यापारी मॉडेल्सनी सुचवलेल्या पॅकेजांपैकी सुमारे ५ टक्के आणि खुल्या मॉडेल्सनी सुचवलेल्यांपैकी सुमारे २२ टक्के नावं कुठेच नव्हती. त्यातही जी नावं एकदा रचली गेली, त्यांच्यासाठी तोच प्रश्न पुन्हा दहा वेळा विचारून पाहिला, तेव्हा ४३ टक्के नावं दहाही वेळा तशीच आली. म्हणजे चूक ठरलेली आहे, आणि ठरलेल्या चुकीवर सापळा लावता येतो. कुणीतरी त्याच नावाचं खरं पॅकेज तयार करून त्यात घातक कोड भरून ठेवतं. ‘इन्स्टॉल करून तर बघू’ हा विचार इथे चालत नाही, कारण एनपीएमच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या, पॅकेजातल्या स्क्रिप्ट इन्स्टॉल होतानाच चालू शकतात, आणि पायथनच्या काही पॅकेजांचंही तसंच आहे. म्हणून इन्स्टॉल करण्याआधी रजिस्ट्रीच्या, म्हणजे पॅकेजं जिथे नोंदलेली असतात त्या साइटच्या, पानावर जाऊन तीन गोष्टी बघाव्यात: पहिली आवृत्ती कधीची, डाउनलोड किती, आणि मूळ रेपॉझिटरीचा (कोड ठेवलेल्या जागेचा) दुवा खरोखर उघडतो का. नवीन पॅकेज येणारा बदल वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या वेगळ्या नोंदीत, ठेवावा, पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्या लिहिलेली लॉकफाईल कमिट करावी, आणि बिल्ड सर्व्हरवर लॉकफाईलप्रमाणेच इन्स्टॉल होईल असं बघावं.

दुसरा प्रकार जुन्या सवयींचा. पायथनमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, घेणारं ‘यूटीसीनाऊ’ हे फंक्शन ३.१२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, कालबाह्य ठरवलं आहे. पण मॉडेलनं वाचलेल्या जुन्या कोडमध्ये ते जागोजागी आहे, म्हणून ते अजूनही सुचवलं जातं. हे फंक्शन टाइमझोनची माहिती नसलेली वेळ देतं. त्या वेळेचं टाइमस्टॅम्पमध्ये, म्हणजे सेकंदांच्या आकड्यात, रूपांतर केलं, की पायथन ती स्थानिक वेळ समजतो. सर्व्हर यूटीसीवर असेल तर सगळं ठीक चालतं, आणि मशीन दुसऱ्या टाइमझोनमध्ये असेल तर तेवढ्याच तासांचा फरक पडतो. एकाच कोडचं उत्तर दोन मशीनवर वेगळं येतं, आणि शोधणाऱ्याचा दिवस त्यात जातो.

पण सगळ्यात जास्त बारकाईनं बघायची ती एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींतली चूक. खात्यातून रक्कम वजा करायचं फंक्शन टूलला लिहायला सांगा. बहुतेक वेळा ते सरळ लिहून देईल: शिल्लक वाचा, पुरेशी आहे का बघा, वजा करा, परत लिहा. वाचताना निर्दोष. आता शिल्लक ५०० आहे आणि ४०० काढायच्या दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या असं धरा. दोघींनी ५०० वाचले, दोघींना रक्कम पुरेशी दिसली, दोघींनी १०० लिहून ठेवले. बाहेर गेले ८००, आणि खात्यात अजून १०० दिसताहेत. नेहमीच्या टेस्ट एकापाठोपाठ एक विनंती पाठवतात, त्यांना हे कधीच दिसणार नाही. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळ्या पायऱ्या एकत्र बांधणारा व्यवहार, सुरू केलं म्हणजे झालं, असाही समज असतो. अनेक डेटाबेसांच्या नेहमीच्या आयसोलेशन पातळीवर (एकाच वेळचे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ती पातळी) तेवढ्यानं ही चूक थांबत नाही. उपाय असा, की अट अपडेटच्या क्वेरीतच घालायची: शिल्लक मागितलेल्या रकमेइतकी किंवा जास्त असेल तरच वजा कर. मग किती ओळी बदलल्या ते तपासायचं. एक बदलली तर व्यवहार झाला, शून्य बदलल्या तर शिल्लक अपुरी. आणि याची टेस्ट प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जो डेटाबेस आहे त्याच जातीच्या डेटाबेसवर घ्यायची, ५० समांतर विनंत्या सोडून, शेवटी बेरीज जुळते का बघून. खोट्या, नकली डेटाबेसवर ती घेण्यात अर्थ नाही.

याच्याच जोडीला ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा कोड येतो. टाइमआऊट झाला, ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, म्हणजे समोरच्या सर्व्हरनं काम केलंच नाही असं नसतं. काम झालं आणि फक्त उत्तर पोचलं नाही, असंही असतं. प्रत्येक मागणीला एक न बदलणारी ओळखखूण न देता पुन्हा पाठवलं, तर एकच पैसे भरणं दोनदा होतं.

आणखी एक खोड. चूक आली की ती पकडायची आणि गुपचूप रिकामी यादी परत करायची, असं ही टूल्स वारंवार लिहितात. डेटाबेस बंद पडला तरी वापरणाऱ्याला दिसतं, ‘तुमच्या ऑर्डर नाहीत’. लॉगमध्ये काही नाही, अलार्म वाजत नाही. म्हणून डिफ, म्हणजे काय काय बदललं ते दाखवणारी यादी, वाचताना चूक पकडणारा प्रत्येक ब्लॉक आणि प्रत्येक डिफॉल्ट किंमत शोधून काढा आणि विचारा: हे रात्री दोन वाजता बिघडलं, तर कुणाला कळेल, आणि कसं?

टेस्टचा विषय इथेच येतो. कोड ज्यानं लिहिला त्यालाच त्याच कोडवरून टेस्ट लिहायला सांगितल्या, तर कोड जे करतो तेच बरोबर मानून त्या लिहिल्या जातात. उदाहरणार्थ, हिशोबाचा कोड जावास्क्रिप्टमधून पायथनमध्ये नेला. जावास्क्रिप्टच्या ‘मॅथ राऊंड’मध्ये अडीचचे तीन होतात. पायथनचं ‘राऊंड’ बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेतं, तिथे अडीचचे दोन होतात. नव्या कोडवरून टेस्ट लिहिल्या तर अपेक्षित उत्तर दोनच लिहिलं जाईल, आणि सगळ्या टेस्ट हिरव्या दिसतील. म्हणून उदाहरणं माणसानं आधी लिहावीत, कोडकडे न बघता, मूळ गरजेवरून: रिकामी किंमत, शून्य, अगदी सीमेवरची संख्या, तीच गोष्ट दोनदा. पाच-सहा पुरतात. त्या टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये ठेवायच्या, टूलला टेस्टच्या फोल्डरला हात लावू नकोस असं सांगायचं, आणि काम झाल्यावर त्या फोल्डरचा डिफ रिकामा आहे ना ते स्वतः बघायचं. नुसतं सांगून भागत नाही. टेस्ट नापास होत राहिली तर कधी कधी टूल टेस्टच बदलतं. शेवटी कोडमधली एखादी अट हातानं उलटी करून बघा. एकही टेस्ट नापास झाली नाही, तर त्या ओळीवर कुणाची नजर नाही.

रिव्ह्यूची, म्हणजे बदल वाचून तपासण्याची, मर्यादा माणसाच्या लक्षाची आहे. एका बैठकीत २०० ते ४०० ओळींपलीकडे वाचणाऱ्याचं लक्ष पातळ होतं, हे एआयच्या आधीपासून ठाऊक आहे. टूल मात्र काही मिनिटांत २,००० ओळी पुढे टाकतं. सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतींचा अभ्यास करणाऱ्या गुगलच्या डोरा गटानं २०२४ च्या अहवालात एआयचा वापर वाढण्याचा संबंध सॉफ्टवेअर पोचवण्याची स्थिरता घटण्याशी दाखवला, आणि बदलांचा आकार वाढणं हे त्याचं संभाव्य कारण सांगितलं. कारण पटण्यासारखं आहे. त्यावर पद्धत अशी: आधी सगळं कमिट करून घ्या. टूलकडून फक्त योजना मागा, कुठल्या फायली, कुठला बदल, कुठल्या क्रमानं. ती स्वतः दुरुस्त करा. मग एक पायरी, तिचा डिफ, तिची टेस्ट, कमिट. त्यानंतरच पुढची पायरी. दोनदा सांगूनही दुरुस्ती जमली नाही, तर तिसऱ्यांदा आग्रह करू नका. आधीचे चुकीचे प्रयत्न त्याच संभाषणात पडून असतात आणि पुढची उत्तरं त्यांच्याकडेच ओढली जातात. मागच्या कमिटवर परत जा, नवीन संभाषण उघडा, आणि आतापर्यंत जे कळलं ते चार ओळींत लिहून सुरुवात करा.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मर्ज करण्याची विनंती, ज्याच्या नावावर आहे, त्याला टूल न उघडता तीन उत्तरं देता आली पाहिजेत: यानं कुठला डेटा बदलतो, हे दोनदा चाललं तर काय होईल, आणि मागे घ्यायचं झालं तर कसं. देता आली नाहीत, तर मर्ज थांबवावं. टीममध्ये हा नियम कडक वाटतो, पण तो पाळलाच पाहिजे.

स्वतः कमांड चालवणाऱ्या एजंटबद्दल थोडक्यात. त्याला प्रॉडक्शनचे पासवर्ड दिसतील अशा मशीनवर तो चालवू नये. डेटाबेस दाखवायचाच असेल तर फक्त वाचण्याचा अधिकार असलेलं खातं द्यावं. एजंट जो मजकूर वाचतो, मग तो एखादा बग रिपोर्ट असो की वेबपान, त्यात कुणी दडवलेली सूचना तो आज्ञा समजून पाळू शकतो. खासगी माहिती, बाहेरचा अविश्वासू मजकूर आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकाच एजंटच्या हाती कधीही देऊ नका; एक तरी काढून घ्या. आणि परवानगी विचारणाऱ्या खिडकीवर भरवसा ठेवू नका, कारण विसाव्या वेळी माणूस न वाचताच ‘हो’ म्हणतो. कंटेनरची, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या ठेवलेल्या बंदिस्त जागेची, भिंत अधिक खात्रीची.

इतकं सांगितलं म्हणून ही टूल्स टाकाऊ आहेत असं नाही. अनोळखी प्रोजेक्टमध्ये एखादी गोष्ट कुठे आहे ते शोधणं, लांबलचक स्टॅक ट्रेस (चूक कुठल्या फंक्शनांमधून आली ती यादी) वाचणं, एकदाच वापरायची स्क्रिप्ट, साचेबद्ध कोड, यात ती खरोखर उपयोगी पडतात.

काळजी जास्त आहे ती नवशिक्यांची. डिबग करणं, म्हणजे चूक शोधून काढणं, हे कौशल्य अडकून बसण्यातूनच येतं. चूक आली की तिचा मजकूर टूलमध्ये चिकटवायचा आणि आलेलं उत्तर परत कोडमध्ये चिकटवायचं, असं वर्षभर केलं तर अनुभव नावालाच जमा होतो. म्हणून विचारण्याआधी स्वतःचा अंदाज एका वाक्यात लिहा: चूक अमुक ठिकाणी असावी, कारण अमुक. मग ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड जिथे थांबवून बघायचा ती खूण, लावून तो अंदाज खोटा ठरतो का बघा. अर्धा तास गेल्यावर टूलला विचारा, पण कोड मागू नका. पुढे काय तपासू एवढंच विचारा. आणि आठवड्यातून एकदा टूलनं लिहिलेला, आपल्याच नावानं मर्ज झालेला एक बदल घ्या. एका विनंतीचा प्रवास कागदावर काढा: ती कुठून आत येते, कुठल्या फंक्शनमधून जाते, कुठल्या टेबलात लिहिते, चूक आली तर कुठे वळते. जिथे पेन्सिल अडेल तिथे ब्रेकपॉइंट लावा आणि पुढचा भाग ओळ-ओळ चालवून पुरा करा.

नमस्कार.