एक तारा की पाच?

शेताच्या कडेला एक घर, कुंपणात एक लामा, म्हणजे उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी. गाव प्रेस्टन, राज्य आयडाहो, देश अमेरिका. दिग्दर्शक जॅरेड हेस याच गावातल्या हायस्कूलमध्ये शिकलेला. २००३ च्या उन्हाळ्यात तो कॅमेरा घेऊन इथे परत आला. हाताशी जेमतेम चार लाख डॉलर. लामासुद्धा त्याच्या आईचाच.

त्यातून उभा राहिला ‘नेपोलियन डायनामाइट’. नायक शाळकरी. कुरळे केस, अर्धवट मिटलेले डोळे, बोलणं वैतागलेलं. तळलेले बटाट्याचे गोळे तो पँटच्या खिशात साठवतो आणि वर्गात बसून खातो. गोष्ट म्हणावी अशी फारशी नाहीच.

जानेवारी २००४ मध्ये सनडान्स या अमेरिकेतल्या चित्रपट महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी दीडच तारा दिला. प्रेक्षकांनी तिकीटबारीवर चार कोटींहून जास्त डॉलर मोजले.

खरी गंमत पुढे आहे. २००६ मध्ये नेटफ्लिक्सनं १० लाख डॉलरचं बक्षीस लावलं. कोणता प्रेक्षक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल, हे आमच्यापेक्षा १० टक्के अचूक ओळखून दाखवा! अभ्यासाला १७,७७० चित्रपट आणि प्रेक्षकांनी दिलेली दहा कोटी मतं. ठिकठिकाणचे गणिती कामाला लागले, आणि अडले ते या कुरळ्या केसांच्या पोरापाशी. ज्यांची बाकी सगळी आवड जुळते, अशा दोघांतला एक इथे एक तारा देई, दुसरा पाच. बक्षीस अखेर २००९ मध्ये दिलं गेलं.

असं का व्हावं? मला वाटतं, कुठे हसायचं हे हा चित्रपट सांगतच नाही. कॅमेरा स्थिर, पात्रं गप्प, आणि ती शांतता लांबत जाते. कुणाला त्यात त्या मुलाची टिंगल दिसते. मला माया दिसते. या पोराला कुणीही बदलायला जात नाही, आणि त्यासाठी मी या चित्रपटाच्या बाजूनं कुणाशीही भांडेन.

शेवटाकडे मित्र पेड्रोची शाळेतली निवडणूक येते. भाषणानंतर काहीतरी सादर करायचं असतं, पेड्रोकडे काहीच नसतं. नेपोलियन एकटा मंचावर जातो आणि जीव तोडून नाचतो. सभागृह उठून टाळ्या वाजवतं. विरोधी उमेदवार समर आणि तिचा मित्र अवाक् होऊन बघत राहतात.

नेपोलियन तोवर मंचावरून पळालेला असतो.