चंद्रावर माणूस गेला तेव्हाची गोळी

(दृश्य : परभणी जिल्ह्यातलं एक गाव. ओसरीवर निवृत्त गुरुजी, पुढ्यात बँकेची स्लिप.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत उभा जन्म फळ्यावर ठसठशीत अक्षरं काढणारा हा हात. आता सहीचं पहिलं अक्षर बरं येतं, पुढची बारीक होत होत शेवटी मुंगीएवढी. बँकेत सही जुळत नाही. पेन्शन काढायला गुरुजींना अंगठा उठवावा लागतो. पार्किन्सन्समध्ये हात कापतो हे सगळ्यांना ठाऊक; अक्षर आक्रसतं, हे घरच्यांच्याही उशिरा लक्षात येतं.

गुरुजींचा राग मात्र गोळीवर.

"माणूस चंद्रावर उतरला तेव्हा मी चौथीत होतो. त्या वक्ताची गोळी आज खायलोय. काय करायलेत हो हे लोकं?"

हिशेब बरोबर आहे. गुरुजींची गोळी म्हणजे लेव्होडोपा. जॉर्ज कॉटझियास या डॉक्टरांनी तिच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखवला तो १९६७ साली. या आजारात मेंदूत डोपामाइन हे हालचालीला लागणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. गोळी डोपामाइनची उणीव भरते, पेशींचं मरण थांबवत नाही. १९८७ पासून मेंदूत तार बसवायची शस्त्रक्रिया आली. तीही त्रास कमी करते, आजार नाही. आणि तिचा खर्च सोयाबीनच्या पट्टीत बसत नाही.

आजारालाच आवर घालतील म्हणून तपासलेली को-एन्झाइम क्यू-टेन, क्रिएटिन, इसराडिपिन मोठ्या चाचण्यांत नापास झाली. मधुमेहाच्या एक्सेनाटाइड या औषधावर फार भिस्त होती. २०२५ मध्ये त्याचाही निकाल निराशाजनक आला. मुलगा मोबाइलवर 'नवं संशोधन' दाखवायला आला की गुरुजी एवढंच विचारतात, "उंदरावर की माणसावर?"

उशिराला कारणं आहेत. हात कापायला लागेपर्यंत त्या पेशींपैकी निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. आजार हळू सरकतो, त्यात गोळी त्याला झाकून ठेवते. किती सरकला ते सांगणारी साखरेसारखी साधी तपासणी नाही. डॉक्टर बोटं उघडमीट करायला लावतात, चालवून बघतात, गुण देतात. त्यामुळे औषध लागू पडलं का, हे कळायलाच वर्षं जातात. गुरुजींना हे पटतं. राग जात नाही, आणि जावा तरी का?

आम्हाला खटकलं ते वेगळंच. गुरुजी गोळी घ्यायचे वरण-भात जेवून, वर कपभर दूध. डाळी-दुधातली प्रथिनं लेव्होडोपाच्या आड येतात. म्हणून ती बहुधा जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात. गुरुजींना हे कोणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारून वेळ बदलली, तेव्हापासून सकाळ बरी जाते. दुपारी असर उतरला की उंबऱ्याशी पाय चिकटतो तो चिकटतोच.

पुढची तपासणी संभाजीनगरला. विचारायचे प्रश्न मुलाकडून वहीत लिहून घेतलेत. पहिला असा : नव्या औषधाच्या चाचणीत आमच्यासारख्यांना घेतात का, अन् नाव कुठं द्यायचं?