डबा बांधलाय का?

(दृश्य: उतारावर ओळीने मांडलेल्या लहान होड्या. डोलकाठ्यांवर आपटणाऱ्या दोऱ्यांचा आवाज.)

"डबा बांधलाय का?"

होडी पाण्यात ढकलण्याआधी प्रशिक्षक प्रत्येक मुलाला हे विचारतात. डबा म्हणजे होडीतलं पाणी उपसायचा साधा प्लास्टिकचा डबा. ही शिडाची होडी आहे ऑप्टिमिस्ट. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात, खास मुलांसाठी तिचा आराखडा तयार केला. लांबी जेमतेम २.३६ मीटर, नुसत्या होडीचं वजन ३५ किलो. उलटली तर एकटं मूलही तिला सरळ करू शकतं. पण आत भरलेलं पाणी उपसावंच लागतं, आणि बांधून ठेवला नसेल तर डबा तोवर लांब वाहून गेलेला असतो.

हा प्रश्न दर वेळी, न चुकता विचारणारं माणूस क्लबमध्ये असणं, इथूनच प्रशिक्षणाची सुरुवात होते.

एरवी काय होतं? नवा मुलगा येतो. कुणीतरी जाणता त्याला होडीत बसवतो आणि काठावरून ओरडून सूचना देतो. वाऱ्यात त्यातलं अर्धं ऐकूच येत नाही. अंगात उपजत जाण असलेली दोन-चार मुलं टिकतात, बाकीची हळूहळू यायची थांबतात. पुढच्या वेळी काय शिकायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मला हे फार लागतं, कारण यातली कितीतरी मुलं उत्तम नाविक झाली असती.

मग प्रशिक्षक कोण? पटकन नाव सुचतं ते शर्यती जिंकणाऱ्याचं. पण वारा जरा फिरला की त्याचा हात आपसूक हलतो. का हलवलास, असं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. प्रशिक्षकाला ते शब्दांत सांगता आलं पाहिजे, आणि दहा वर्षांच्या मुलाला कळेल अशा शब्दांत. क्लबने माणूस निवडताना ही कसोटी लावावी.

(दृश्य: इंजिनच्या बोटीवरून दिसणारं पाणी.)

पहिल्या काही दिवसांतच होडी मुद्दाम उलटवतात. मूल पोहत होडीच्या तळाकडे जातं. तिथे बाहेर आलेल्या डॅगरबोर्डला, म्हणजे तळातून खाली जाणाऱ्या उभ्या फळीला, लोंबकळतं, मग त्यावर चढतं. क्षणभर काहीच होत नाही. आणि मग ओलं, जड शीड हळूहळू पाण्यातून वर येतं. त्याआधी शिडाची दोरी सोडलेली हवी. आवळलेली राहिली तर उठता उठता शिडात वारा भरतो आणि होडी पुन्हा आडवी होते. हे एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलं की मुलाचा चेहराच बदलतो.

जवळ इंजिनची बोट असतेच. चालकाच्या मांडीला अडकवलेली ही लाल दोरी बघा. चालक पाण्यात पडला तर ती निसटते आणि इंजिन जागीच बंद पडतं. आसपास मुलं पोहत असताना पंखा फिरत राहणं किती भयंकर, हे वेगळं सांगायला नको. एवढ्या एका दोरीबाबत कुणालाही, कधीही सूट नसावी. वाऱ्याची मर्यादाही आधीच फळ्यावर लिहून ठेवावी. वाऱ्याचा जोर पायऱ्यांत मोजणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात चौथ्या पायरीला, म्हणजे ११ ते १६ नॉट (ताशी साधारण २० ते ३० किलोमीटर) वाऱ्याला, पाण्यावर ठिकठिकाणी पांढरा फेस दिसतो. नवशिक्यांनी तेव्हा काठावर गाठी शिकाव्यात. पालकांच्या पाळ्या, होड्यांची डागडुजी, नावनोंदणी ही कामं वाटून घेतली की होतात.

आता खरा गाभा. एका दिवशी एकच गोष्ट.

आज सुकाणू काढून ठेवलंय. ही मुलगी शिडाची दोरी आवळते, होडीचं तोंड वाऱ्याकडे वळू लागतं. ती दोरी थोडी सैल करते आणि अंग वाऱ्याच्या बाजूला झुकवते, होडी परत दुसरीकडे वळते. दोन वेळा गोल फिरते, तिसऱ्यांदा सरळ जाते. प्रशिक्षक मागे, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला थांबलेत, त्यांच्या बोटीमुळे तिचा वारा अडू नये म्हणून. ते एक शब्दही बोलत नाहीत. त्यांचं हे गप्प राहणं मला फार मोलाचं वाटतं.

मुलं वाढतात, तशी होडी बदलते. ऑप्टिमिस्टची शर्यत पंधरा वर्षांपर्यंतच. पुढे इल्का ही होडी, जिला जुनी माणसं अजून लेझर म्हणतात. क्लबला ती परवडते, कारण होडी एकच आणि शिडं तीन मापांची. सर्वांत लहान ४.७ चौरस मीटर, सर्वांत मोठं सातच्या थोडं वर. वजन वाढलं की मूल पुढच्या शिडाकडे जातं.

मग शर्यतीची सुरुवात. पाच मिनिटांचा इशारा, चार, एक, आणि सुटायचं. होडीला ब्रेक नसतो, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेशी थांबून राहणं हेच सगळ्यांत अवघड.

(दृश्य: काठावर, ओल्या कपड्यांतली मुलं फळ्याभोवती.)

पाण्यातून आल्यावरची ही पंधरा मिनिटं कधीही गाळू नयेत. फळ्यावर चुंबकाच्या छोट्या होड्या आहेत. मघाची मुलगी आपली होडी सरकवते. ती रेषेवर लवकर पोचली होती.

"दोरी कधी आवळलीस?"

"दहा सेकंद... नाही, वीस राहिले होते तेव्हा."

ती होडी दोन बोटं मागे घेते. प्रशिक्षक वही उघडतात आणि तिच्या नावापुढे पुढच्या वेळचं काम लिहितात: शीड सैल सोडून रेषेशी जागच्या जागी थांबणं.