सकाळी उठलेली कळ

मंडळी, मघाशी चहा घेताना एका काकांनी मला बाजूला घेतलं आणि खिशातून डबी काढली. वर सगळी चिनी अक्षरं. "जावयानं आणून दिलीय, हृदयाला चांगली म्हणतोय. घेऊ का?" डबीवर येतोच, पण आधी हार्ट अटॅकच्या कळीचं बोलू.

लातूरकडं एवढी वर्षं दवाखाना चालवतोय, पण "मला हार्ट अटॅक आलाय" असं म्हणत येणारा माणूस क्वचितच भेटला. येणारा म्हणतो, "साहेब, पित्त झालंय, एक इंजेक्शन मारा." गेल्या सुगीत एक मावशी आल्या. सोयाबीन काढणीचे दिवस. छातीत दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणाल्या. "खांदे भरून आलेत, जबडा ओढल्यावानी होतोय, आन् अंग गार पडलंय." सकाळचे आठ वाजलेले आणि चोळीची पाठ घामानं चिंब. साखरेचा आजार जुना. त्यात नसा बधिर होत जातात, म्हणून छातीतली कळ कळ म्हणून जाणवतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. घरच्यांनी रात्री दोनला लिंबू-सोडा पाजला होता, ओवा दिला होता, पोट चोळलं होतं. ईसीजी काढला, तर पट्टीवरची रेघ टेकाडासारखी वर चढलेली. म्हणजे रक्तवाहिनी गुठळीनं बंद. १०८ला फोन करून लातूरला पाठवलं, अँजिओप्लास्टी झाली, जीव वाचला. पण त्या सहा तासांत हृदयाचा जो स्नायू मेला तो मेलाच. आता बांधापर्यंत चालल्या तरी मावशींना थांबावं लागतं.

आता चीन. तिथल्या जुन्या वैद्यांनी या दुखण्याला 'श्योंगबी' म्हटलंय, म्हणजे छाती तुंबणं. आपली म्हातारी माणसं "छाती भरून आली" म्हणतात, त्याच्या किती जवळचं आहे बघा! इसवी सन २००च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाचे वैद्य होते. त्यांनी लिहून ठेवलंय की रुग्णाला आडवं होता येत नाही, दम लागतो, कळ छातीतून पाठीत आरपार जाते. त्यावर त्यांचा काढा कशाचा? आपल्या पडवळाच्या कुळातलं एक फळ, लसणाच्या कुळातला एक कंद, आणि हे सगळं दारूत उकळलेलं. (हसू नका, आणि घरी गेल्यावर दारूचं तेवढंच सांगू नका.)

पण त्याहूनही जुन्या एका चिनी ग्रंथात या आजाराचं आणखी उग्र रूप सांगितलंय. हातपाय सांध्यांपर्यंत काळेनिळे पडतात, आणि कळ सकाळी उठली तर माणूस संध्याकाळी जातो, संध्याकाळी उठली तर सकाळी. तिथं काढ्याची भाषाच नाही. आपला हात कुठं टेकतो हे त्या वैद्यांना ठाऊक होतं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. आपल्याकडं व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉकेज विरघळवणारे फिरतात, त्यांना मात्र हात टेकणं माहीतच नाही.

मग चिनी औषधात काहीच नाही का? तसंही नाही. तोंगशिनलुओ म्हणून एक औषध आहे. त्यात जिनसेंग आहे, आणि विंचू, जळू, गोमसुद्धा. २०२३ साली त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. चीनमधली १२४ रुग्णालयं, मोठा अटॅक आलेले ३,७७७ रुग्ण. निम्म्यांना हे औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या, पण आत औषध नसलेल्या निव्वळ नावाच्या गोळ्या. तीस दिवसांत मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात असलं काही औषधवाल्यांमध्ये ३.४ टक्क्यांना झालं, दुसऱ्या गटात ५.२ टक्क्यांना. फरक खरा आहे. पण नीट ऐका, अटॅकवरचे नेहमीचे आधुनिक उपचार दोन्ही गटांना चालूच होते. चिन्यांनी स्वतःच्या देशातसुद्धा अँजिओप्लास्टीच्या जागी विंचू दिला नाही. तिच्या जोडीला दिला.

आणि जोडीला द्यायचं तरी सांगून. दानशेन नावाची एक मुळी हृदयासाठी तिकडं फार वापरतात. ज्यांची हृदयाची झडप बदललीय, त्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिनची गोळी असते. दानशेननं त्या गोळीचा जोर वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. गोळी डॉक्टरांनी दिलेली, मुळी जावयानं, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही!

तेव्हा काका, ती डबी आज उघडू नका. उद्या दवाखान्यात घेऊन या. आणि उशाशी रोजच्या गोळ्यांची जी पिशवी असते ना, तीही सोबत आणा.