इंजिनाचा क्रमांक आणि थरारकादंबरीतला तपास

रसिकहो, ज्यू समाजावर झालेल्या हल्ल्यांचा तपास हा थरारकादंबरीचा विषय कसा व्हावा, यावर मला आज बोलायचे आहे. मराठी लेखकाने हा विषय घ्यायचा तर त्याला मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रापाशी यावेच लागेल. तरीही मी सुरुवात अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सपासून करणार आहे, कारण तपास कसा उभा राहतो आणि तपास करणाराच तो कसा बुडवतो, हे तिथे फार स्वच्छ दिसते.

18 जुलै 1994, सोमवार, सकाळचे 9 वाजून 53 मिनिटे. पाश्चर रस्त्यावर ‘आमिया’ या ज्यू समाजाच्या मध्यवर्ती संस्थेची इमारत होती. समाजातल्या अंत्यविधींची सोय पाहण्यासाठी 1894 मध्ये सुरू झालेली ही संस्था पुढे शिक्षण, मदतकार्य, नोकरी शोधणाऱ्यांची नोंदणी अशी अनेक कामे करू लागली होती. स्फोटकांनी भरलेल्या गाडीने ती इमारत जमीनदोस्त केली आणि 85 माणसे मेली. त्यांत बांधकामावरचे बोलिव्हियन मजूर होते आणि आईबरोबर रस्त्याने चाललेला पाच वर्षांचा मुलगाही होता. थरारकादंबरीत हे सारे दोन पानांत आटोपते, मृतांचा आकडा सांगून लेखक घाईने पाठलागाला निघतो, आणि ज्यांच्यासाठी तपास करायचा ती माणसे वाचकाला कधी भेटतच नाहीत. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

ढिगाऱ्यात रेनो ट्रॅफिक गाडीच्या इंजिनाचा भाग सापडला. त्यावरच्या क्रमांकाचा माग काढत पोलीस चोरीच्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या एका माणसापर्यंत पोहोचले. कोणत्याही कादंबरीकाराला हेवा वाटावा असा हा धागा! तिथल्या पद्धतीप्रमाणे तपासाची सूत्रे न्यायाधीशांकडे असतात, आणि न्यायाधीश होते हुआन होसे गॅलेआनो. 1996 मध्ये त्या आरोपीने काही पोलिसांची नावे घ्यावीत म्हणून त्याला गुप्तचर खात्याच्या निधीतून चार लाख डॉलर दिले गेले. या व्यवहाराच्या बोलण्याची चित्रफीत बाहेर आली आणि पुढच्या वर्षी ती लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. 2004 मध्ये त्या खटल्यातले सगळे आरोपी सुटले. 2019 मध्ये शिक्षा झाली ती खुद्द गॅलेआनो यांना, सहा वर्षांची. मधल्या काळात मृतांचे नातेवाईक न्यायालयासमोरच्या चौकात वर्षानुवर्षे दर सोमवारी, स्फोटाच्याच वेळी जमत आणि शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकत. रायगडातल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांशी ज्यांचा घरोबा आहे, त्यांना शोफार वेगळा सांगायला नको. नावापुढे पेणकर, केहिमकर लावणारी आणि मराठीत कीर्तने करणारी ही माणसे आपल्याच गावांची आहेत. मराठी लेखकाला हा समाज परका म्हणून रंगवण्याची सबब नाही, असे मी म्हणतो ते यासाठीच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मुंबईविषयी जे सविस्तर मांडायचे होते ते थोडक्यात सांगतो.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीपाशी लागलेल्या रबरी होडीलाही इंजिन होते, आणि त्याचा क्रमांक खोडलेला होता. तरीही तो मिळवला गेला आणि ते यामाहा इंजिन जपानहून पाकिस्तानात गेले होते, हे न्यायालयापुढे सिद्ध झाले. नरिमन हाऊसमध्ये रब्बी गॅव्हरिएल होल्ट्झबर्ग, त्यांची गरोदर पत्नी रिव्का आणि आणखी चौघे मारले गेले. त्यांच्या मारेकऱ्यांना सीमेपलीकडून फोनवर सूचना देणारे आवाज ध्वनिमुद्रित झाले आणि ते पुराव्यात आले. पंचनामे, मुद्देमाल, शेकडो साक्षीदार या सगळ्यावर उभा राहिलेला कसाबवरचा खटला 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. एका इंजिनाच्या क्रमांकावरून चाललेला तपास विकत घेतलेल्या जबाबाने बुडाला आणि दुसऱ्याने न्यायालयातली प्रत्येक उलटतपासणी सोसली. हा फरक ज्या कादंबरीत कळत नाही, तिच्यात कितीही गोळीबार असला तरी तपास नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता अखेरचा मुद्दा, आणि तो सर्वांत अवघड आहे. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी 2010 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि ती सुटका वरच्या दोन्ही न्यायालयांत कायम राहिली. या विषयावर लिहू पाहणाऱ्या तरुण लेखकांना माझे सांगणे आहे की हे प्रकरण गाळू नका. तपास अधिकारी न्यायालयात बसून ती सुटका ऐकतो आहे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातो आहे, असे प्रकरण लिहा. त्याला पाने जास्त लागली तर पाठलागाची कमी करा.