रीफ टँकसाठी कॅल्शियम घेताय? आधी बरणी उलटी करा

(टेबलावर दोन बरण्या. दोन्हींत पांढरी पूड.)

ह्या दोन बरण्या बघा. दोन्हींत पांढरी पूड, दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘कॅल्शियम’. यातली एक आरओ पाण्यात (फिल्टरने शुद्ध केलेल्या) विरघळवून रीफ टँकमध्ये, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) पाळलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ओतली तर फारसं काही बिघडत नाही. दुसरी तशीच भसकन ओतली, तर पीएच (पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचं माप) झपकन चढून मासे आणि कोरल दोघांचेही हाल. नुसतं बघून ओळखता येतात का? मलाही येत नाहीत. म्हणून बरणी फिरवायची आणि मागचं बारीक अक्षर वाचायचं.

कॅल्शियम कधी एकटं येत नाही हो. क्लोराइड, हायड्रॉक्साइड, ग्लुकोनेट, कुणीतरी सोबत असतंच. कोरल कॅल्शियम उचलून घेतात, पण हा सोबत आलेला पाहुणा कुठे जातो? सुरक्षित-असुरक्षित ठरतं ते बरंचसं त्याच्यावर.

पण थांबा, मुळात पूड लागते का? समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम साधारण 410 ते 420 पीपीएम (म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे तितके मिलिग्रॅम) असतं. टँकमध्ये 400 ते 450 च्या दरम्यान असेल तर हात लावू नका. मऊ कोरलच (दगडी सांगाडा न बांधणारे) असतील आणि पाणी नियमित बदलत असाल, तर नव्या पाण्यात मिसळलेल्या समुद्री मिठातूनच भागतं. आणि कॅल्शियम कमी दिसलं की आधी खारटपणा मोजा. तो 35 पीपीटीवरून (किलोभर पाण्यात 35 ग्रॅम क्षार) 31 वर आला असेल, तर 420 चं कॅल्शियम आपोआप 370 च्या आसपास दिसणार. तिथे कॅल्शियम नाही, मीठ कमी पडलंय!

आता पहिली बरणी, कॅल्शियम क्लोराइड. हे दोन रूपांत मिळतं आणि इथेच लोक फसतात. एक निर्जल, त्यात वजनाच्या सुमारे 36 टक्के कॅल्शियम. दुसरं डायहायड्रेट, म्हणजे पाण्याचे दोन रेणू धरून बसलेलं, त्यात 27 टक्के. समजा 100 लिटर पाण्यात 20 पीपीएम वाढवायचंय. म्हणजे 2 ग्रॅम कॅल्शियम हवं. डायहायड्रेट असेल तर साधारण 7.3 ग्रॅम पूड, निर्जल असेल तर साडेपाच. एकाचं माप दुसऱ्याला लावलंत की डोस पाव ते तिसऱ्या हिश्श्याने चुकला. आणि हे 100 लिटर म्हणजे खरं पाणी बरं का, खडक आणि वाळूची जागा वजा करून.

(बरणीचं झाकण उघडून आतली ओलसर ढेकळं दाखवत)

ही ढेकळं दिसतायत? झाकण नीट लागलं नव्हतं. ही पूड हवेतलं पाणी ओढते, चार दिवसांत चिखल होतो, आणि मग काट्यावर तुम्ही कॅल्शियम नाही, पाणी तोलत असता. विरघळवताना भांडं चांगलं तापतं, म्हणून पाण्यात थोडी थोडी पूड टाका, पुडीवर पाणी नाही. आणि ग्रेड बघा: फूड ग्रेड किंवा औषधी ग्रेड. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला हेच रसायन वापरतात आणि ते स्वस्त पडतं. पण त्यात काय काय मिसळलंय याची हमी कोण देणार? तांब्याचा अगदी थोडा अंशही कोळंबी, गोगलगायी, कोरल यांना झेपत नाही.

सांगाडा बांधताना कोरल दर 20 पीपीएम कॅल्शियममागे साधारण 2.8 डीकेएच अल्कलिनिटी खातात. (अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला मुख्यतः कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा, डीकेएच हे तिचं एकक.) क्लोराइडमधून अल्कलिनिटी मिळत नाही, ती सोड्याच्या द्रावणातून वेगळी द्यावी लागते. मी एकदा घाईत दोन्ही द्रावणं एकाच कोपऱ्यात, एकापाठोपाठ एक ओतली. डोळ्यांदेखत पाण्याचं दूध झालं. दुसऱ्या दिवशी हीटरवर पांढरं कवच आणि कॅल्शियम आधीपेक्षा कमी! तेव्हापासून एक द्रावण सकाळी, एक रात्री, तेही पंपाच्या झोतासमोर. पाहुण्याचं म्हणाल, तर क्लोराइड आणि सोड्यातलं सोडियम मिळून शेवटी साधं मीठच उरतं. खारटपणा हळूहळू चढतो, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी बरणी कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. म्हणजे आपली चुन्याची निवळीच. हौशी लोक तिला काल्कवासर म्हणतात. ही मला जास्त आवडते, कारण कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही योग्य प्रमाणात येतात आणि मागे काही उरत नाही. पण निवळीचा पीएच 12 च्या वर. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडू नका, चुना डोळ्याला फार वाईट. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, आणि साखरेच्या उलट, गरम पाण्यात आणखी कमी. वर कितीही टाका, तळाशीच बसतो. तो गाळ टँकमध्ये जाऊ द्यायचा नाही, चुन्यातली धातूंची घाणही बरीचशी त्यातच बसते. वरचं नितळ पाणी, बाष्पीभवनाची भरपाई म्हणून, थेंब थेंब. रात्री दिलंत तर उत्तम, तेव्हा टँकचा पीएच उतरलेला असतो. बांधकामाचा चुना मात्र नको.

बाकीचं झटपट. ग्लुकोनेट चालतं, पण ते जिवाणूंचं खाद्य आहे. जास्त झालं की पाणी गढूळ. कार्बोनेटची पूड टँकच्या 8.2 पीएचला विरघळतच नाही, नुसतं पाणी पांढरं करते. आणि माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या? त्यात रंग, चिकटवणारे पदार्थ, जीवनसत्त्व ड. नकोच.

दिवसाला 20 पीपीएमपेक्षा जास्त वाढवू नका. आठवडाभर डोस देऊनही आकडा हलत नसेल आणि हीटरवर, पंपावर पांढरा थर चढत असेल, तर डोस बंद करा आणि मॅग्नेशियम मोजा. ते 1250 ते 1350 पीपीएम हवं. खूप खाली असेल तर कॅल्शियम कोरलपर्यंत पोचण्याआधीच दगड होऊन बसतं. अशा वेळी आधी मॅग्नेशियम जागेवर आणा, ही बरणी नंतर उघडा.