कॉम्प्युटर अडकला की आधी कॅप्स लॉक दाबा

श्रोतेहो, नमस्कार. मार्केट यार्डातल्या अडत दुकानात गुळाच्या विक्रीच्या हिशेबपट्ट्या करताना, नाहीतर राजारामपुरीतल्या ऑफिसात जीएसटी भरताना कॉम्प्युटर मध्येच अडकतो. माउसचा बाण हलत नाही आणि हात थेट भिंतीवरच्या स्विचकडं जातो. तो हात जरा थांबवा.

आधी कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर बहुतेक वेळा मशीन जिवंत असतं, एखादाच प्रोग्रॅम अडकलेला असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडला की ‘नॉट रिस्पाँडिंग’ दिसणारं नाव निवडून एंड टास्क करा. त्यातलं सेव्ह न केलेलं जाईल, बाकी सगळं वाचेल. स्क्रीनच काळा पडला असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबून बघा.

हार्ड डिस्कचा दिवा फडफडत असेल तर दहा मिनिटं कळ काढा. अपडेट चालू असेल तर त्याहून जास्त. मध्येच बंद केलं आणि सिस्टीमच्या फायली अर्धवट बदललेल्या राहिल्या तर विंडोज कधीकधी पुन्हा सुरूच होत नाही, आणि हे दुखणं फार महागात पडतं.

कशालाच दाद नाही, मग पॉवर बटण. नुसतं दाबून सोडलं तर बंद होण्याचा निरोप विंडोजला जातो, आणि अडकलेलं विंडोज तो ऐकत नाही. चार सेकंदांच्या वर दाबून धरलं की हार्डवेअरच वीज तोडतं. काही लॅपटॉपना दहा-पंधरा सेकंदही लागतात. पंखा थांबेपर्यंत बोट उचलू नका. डेस्कटॉप तरीही बंद झाला नाही तर मागं एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, बहुतेक वेळा स्विच असतो, तो बंद करा. अर्धा मिनिट जाऊ द्या, आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली थोडी वीज उरलेली असते. मग चालू करा.

सुरू झाल्यावर लगेच नव्या नोंदी करू नका. रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत असलेलं, डिस्कवर न उतरलेलं सगळं गेलेलं असतं. हिशेबातली शेवटची पट्टी उघडून आकडे कागदाशी ताडून बघा.

रोजच असं होत असेल तर कॅबिनेट उघडा. प्लग काढूनच. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत धुळीचा थर बसलेला असतो. हवा खेळत नाही, प्रोसेसर तापतो. पंखा बोटानं धरून ब्रशनं धूळ काढा. पावसाळ्यानंतर रॅमची पट्टीही काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसा, चुरा झटका आणि दोन्ही बाजूंच्या खिट्या टक्कन बसेपर्यंत परत दाबा.